विद्यापीठाचं उत्सर्जन घटलं, की फक्त वहीतून गेलं?

‘हरित परिसर’, ‘कार्बन न्यूट्रल कॅम्पस’, ‘नेट झिरोकडे वाटचाल’ असे फलक आता तालुक्याच्या कॉलेजच्या फाटकावरही दिसतात. भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषण, गाठण्याचं जाहीर केलं. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनातही ऊर्जा आणि पर्यावरण लेखापरीक्षणाला जागा आहे. त्यामुळे विद्यापीठं आकडे देऊ लागली आहेत: उत्सर्जन इतके टन होतं, आता इतके टन आहे, अमुक टक्के घट.

आकडा खाली आला याला पाच-सहा कारणं असू शकतात. त्यातल्या दोन-तीन कारणांमध्येच हवेत जाणारा वायू खरोखर कमी झालेला असतो. उरलेल्यांत फक्त हिशोबाची जागा बदललेली असते. हा फरक ओळखायचा कसा, ते बघू. उदाहरणाला विदर्भातलं एक काल्पनिक कृषी विद्यापीठ घेऊ: शेती, गोठा, वसतिगृहं, प्रयोगशाळा आणि पाच-सहा जुने डिझेल ट्रॅक्टर असलेलं. नुसत्या इमारतींच्या कॉलेजपेक्षा इथला हिशोब अवघड आहे, म्हणूनच तो समजून घेण्यासारखा आहे.

## टन म्हणजे कशाचे टन?

उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूंना हरितगृह वायू म्हणतात. कार्बन डायऑक्साइड, गुरांच्या पोटातून येणारा मिथेन, युरियामुळे जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड आणि एसीत भरलेला गॅस हे त्यातले आपल्या कामाचे चार. सगळ्यांची ताकद सारखी नाही. शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो मिथेन २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो, एक किलो नायट्रस ऑक्साइड २६५ किलोइतका. एसीतला आर-४१०ए हा गॅस सुमारे २,००० किलोइतका. म्हणून सगळं एकाच मापात, कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीत मांडतात. या लेखात पुढे ‘टन’ म्हटलं की ते हेच.

प्रत्यक्ष वायू कोणी फुग्यात धरून मोजत नाही. किती जाळलं ते मोजायचं आणि ठरलेल्या गुणांकाने गुणायचं. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो. एक लिटर पेट्रोल, २.३१ किलो. मेसच्या १९ किलोच्या एका व्यावसायिक सिलिंडरचे सुमारे ५७ किलो. ग्रिडच्या एका युनिट विजेचे साधारण ०.७ किलो, हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करतं आणि तो थोडा वर-खाली होतो. आपण ०.७२ धरू.

आता आपल्या विद्यापीठाची वही मांडा. महावितरणची वीज १२,००,००० युनिट: ८६४ टन. ट्रॅक्टर, बस आणि जनरेटर मिळून ४०,००० लिटर डिझेल: १०७ टन. मेसचे ९०० सिलिंडर: ५१ टन. एसीतून गळालेला २० किलो गॅस: ४० टन. इथवर कोणीही ओळखेल.

गोठा बघा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईला वर्षाला ५८ किलो मिथेन धरलाय, इतर गुरांना २७ किलो. ६० दुभत्या आणि ६० इतर जनावरांचे झाले ५,१०० किलो मिथेन, म्हणजे १४३ टन. सगळ्या ट्रॅक्टर-बसगाड्यांपेक्षा जास्त. युरियाच्या ४५ किलोच्या एका बॅगमागे सुमारे १२० किलो पडतात: ८६ किलो नायट्रस ऑक्साइडमुळे, ३३ किलो युरियातलाच कार्बन सुटल्यामुळे. ६०० बॅगांचे ७२ टन.

एकूण १,२७७ टन. फाटकाजवळ सौर दिवे लावून फोटो काढणाऱ्या किती संस्थांनी गोठा आणि खताचं गोदाम हिशोबात धरलंय, हा प्रश्न विचारून बघण्यासारखा आहे.

## कुंपण कुठे घालायचं?

शेताचा वाद जसा धुऱ्यावरून सुरू होतो, तसा या हिशोबाचाही. काय आपलं आणि काय बाहेरचं? जगभर वापरला जाणारा ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल तीन स्कोप सांगतो. स्कोप १: जे आपल्या आवारात, आपल्या ताब्यातल्या वस्तूंतून निघतं. डिझेल, गॅस, गोठा, युरिया, एसीची गळती. स्कोप २: विकत घेतलेली वीज. धूर कोराडीच्या वीजकेंद्रातून निघतो, पण बटण आपण दाबलेलं असतं. स्कोप ३: बाकी सगळं, म्हणजे विद्यार्थ्यांचं येणं-जाणं, बांधकामाचं सिमेंट, उत्तरपत्रिकांचा कागद, बाहेर नेलेला कचरा.

संलग्न कॉलेजं यात येत नाहीत. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचं क्षेत्र पाच जिल्ह्यांचं आहे, पण बुलढाण्यातल्या एखाद्या खासगी कॉलेजचं वीजबिल विद्यापीठ भरत नाही, तिथला पंखा कधी लावायचा तेही ठरवत नाही. ज्यावर आपला हुकूम चालतो तेवढंच आपलं. ही कसोटी पहिल्या पानावर लिहून ठेवावी लागते, कारण खरी गंमत तिथेच होते.

वसतिगृहाची मेस विद्यापीठ चालवत होतं तोवर ९०० सिलिंडर त्याच्या नावावर होते. मेस कंत्राटदाराला दिली, सिलिंडर तो आणू लागला, आणि स्कोप १ मधून ५१ टन एका रात्रीत उडाले. पोळ्या तेवढ्याच भाजल्या जातात. विद्यापीठाच्या बसगाड्या विकून भाड्याच्या लावल्या, तरी तेच. म्हातारे बैल दुसऱ्या संशोधन केंद्राला दिले, तरी तेच. कुंपणाबाहेर टाकलेली प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत नोंदवायची आणि घटीत धरायची नाही, हा नियम नसेल तर त्या टक्केवारीला काही अर्थ नाही.

स्कोप ३ पूर्ण मोजणं ग्रामीण विद्यापीठाला झेपत नाही, आणि सुरुवातीला झेपवूही नये. एकच भाग घ्यावा: येणं-जाणं. ४५ चा अ‍ॅव्हरेज देणाऱ्या स्कूटरवर एकटा माणूस किलोमीटरला ५१ ग्रॅम सोडतो. ४० प्रवासी घेऊन निघालेल्या एसटीत तोच आकडा माणशी १५ ग्रॅमच्या आसपास येतो. वीस किलोमीटरवरून वर्षाला २०० दिवस येणारे ५०० विद्यार्थी दुचाकीवर आले तर २०० टनांहून जास्त होतात. यावर विद्यापीठाचा हुकूम चालत नाही म्हणतात, पण तासिकांचं वेळापत्रक कोण लावतं? शेवटचा तास साडेपाचला सुटला आणि गावाची गाडी सव्वापाचला गेली, की बाप कर्ज काढून दुचाकी घेऊन देतो.

## आधारवर्ष: पैसेवारीसारखं

पीक बुडालं की नाही हे पैसेवारी ठरवते, आणि पैसेवारी कशाशी तुलना करून काढतात हे कास्तकाराला सांगायला नको. प्रमाण उत्पन्नच चुकीचं धरलं तर चांगलं वर्षही वाईट दिसतं. उत्सर्जनात ते काम आधारवर्ष करतं: ज्याच्याशी पुढची सगळी वर्षं ताडून बघायची ते वर्ष.

२०२०-२१ हे आधारवर्ष कधीही घेऊ नका. कोविडमध्ये वसतिगृहं रिकामी होती. पुढचं प्रत्येक वर्ष त्यापुढे वाढलेलंच दिसेल. उलट, ते वर्ष मधलं म्हणून दाखवून ‘चाळीस टक्के घट’ म्हणणंही तितकंच खोटं. शक्य असेल तर लागोपाठच्या तीन साध्या वर्षांची सरासरी घ्यावी. एप्रिल ते मार्च हेच वर्ष ठेवावं, कारण खरेदीची आणि डिझेलची रजिस्टरं तशीच बंद होतात.

## वीजबिल वाचताना होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठा आकडा विजेचा, म्हणून सगळ्यात महाग चुकाही तिथेच.

पहिली चूक, केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच यांची गल्लत. उच्चदाब ग्राहकांना महावितरणचं बिल २०२० पासून केव्हीएएचवर येतं. त्यात मोटारी आणि ट्रान्सफॉर्मरांनी ओढलेली, प्रत्यक्ष काम न करणारी वीजही धरलेली असते. ०.७२ हा गुणांक मात्र केडब्ल्यूएचचा, म्हणजे नेहमीच्या युनिटचा. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला कामाचा वाटा, ०.९ असेल तर १२,००,००० केव्हीएएच म्हणजे खरे १०,८०,००० युनिट. चुकून मोठा आकडा घेतला तर ८६ टन उगाच वाढतात. पुढच्या वर्षी कोणी कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर सुधारला की बिल उतरतं, वहीतले टनही उतरतात, आणि कोळसा जवळपास तेवढाच जळलेला असतो.

दुसरी चूक मल्टिप्लाइंग फॅक्टरची. उच्चदाब मीटरवरचं रीडिंग त्याने गुणायचं असतं. मीटर बदललं की तो बदलू शकतो. नोंदवहीतला बाबू जुन्याच आकड्याने गुणत राहतो, आणि वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी, सौर ऊर्जेची दुहेरी वजावट. ही फार सर्रास होते. छतावर तयार होऊन लगेच आवारात वापरलेली वीज बिलात येतच नाही, म्हणजे बिल आधीच उतरलेलं असतं. त्यातून इन्व्हर्टरवरचे युनिट पुन्हा वजा केले की तीच घट दोनदा मोजली जाते. शिवाय नेट मीटरच्या बिलावरचा ‘निव्वळ’ आकडा घ्यायचा नाही. ग्रिडमधून आत आलेले, म्हणजे इम्पोर्टचे युनिट घ्यायचे. दिवाळीच्या सुट्टीत बाहेर गेलेली वीज वेगळ्या ओळीत दाखवा, हवं तर ठळक अक्षरात.

चौथी, विसरलेली कनेक्शनं. मुख्य आवाराचं बिल सगळ्यांना माहीत असतं. शेतावरच्या विहिरींचे पंप वेगवेगळ्या ग्राहक क्रमांकांवर असतात, त्यातल्या काहींना मीटरच नसतं. बिल अश्वशक्तीवर येतं. तिथे तासांचा अंदाज घ्यावा लागतो. पाच एचपीचा पंप साधारण साडेचार किलोवॅट ओढतो. ओलिताच्या हंगामात ८०० तास चालला तर ३,६०० युनिट, अडीच टनांहून थोडं जास्त. असे दहा पंप आज मोजले नाहीत आणि पुढच्या वर्षी सौरपंप बसवले, तर झालेला फायदा दाखवायला आधीचा आकडाच नसेल.

डिझेलचं त्या मानाने सोपं: सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, वजा शेवटचा साठा. नुसत्या खरेदीच्या पावत्या धरल्या तर मार्चअखेर बजेट संपवायला भरून ठेवलेली टाकी चुकीच्या वर्षात जाते.

## घट कोणाच्या खात्यावर?

आता मुख्य गोष्ट. विद्यापीठाने २०० किलोवॅटचं सौर संयंत्र बसवलं. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला सुमारे १,४०० युनिट देतो. पॅनलवर कोळशाची किंवा मळणीची धूळ साचून राहिली तर त्याहून कमी. झाले २,८०,००० युनिट, आणि सगळे आवारातच वापरले गेले असं धरा. त्याच वर्षी नवं वसतिगृह सुरू झालं, १,००,००० युनिट वाढले. आणि समजा ग्रिडचा गुणांक ०.७२ वरून ०.७० झाला.

विजेचे टन ८६४ वरून ७१४ वर आले. अहवालात लिहिणार: ‘१५० टनांची घट’. खरी फोड अशी: सौरमुळे २०२ टन कमी, वसतिगृहामुळे ७२ टन जास्त, म्हणजे १३० टनांची घट. राहिलेले २० टन ग्रिडचे. त्यात विद्यापीठाने काहीच केलेलं नाही. उद्या गुणांक उलटा फिरला तर तेवढेच टन वाढतील, तेव्हा त्याचा दोषही विद्यापीठाचा नसेल.

ही फोड नसलेला अहवाल म्हणजे बैलबंडीचं वजन न वगळता केलेलं कापसाचं माप. काट्यावरचा आकडा बरोबर असतो, पण त्यात कापूस किती हे कळत नाही.

कापसाचीच दुसरी खोच इथेही लागू पडते. ओला कापूस जास्त भरतो, म्हणून खरेदी केंद्रावर आधी ओलावा तपासतात. विजेच्या बाबतीत तो ओलावा म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलर-एसी चोवीस तास चालतात. पुढच्या वर्षी अवकाळी पाऊस आला की आपोआप ‘बचत’ होते. त्यासाठी रोजच्या सरासरी तापमानातून २४ अंश वजा करून (२४ च्या खालचे दिवस सोडून) वर्षभराची बेरीज ठेवावी. सरासरी ३६ असलेल्या दिवसाचे १२ अंश, तशा ३१ दिवसांचे ३७२. यंदाची बेरीज गेल्या वर्षीपेक्षा दहा टक्के जास्त आणि उन्हाळी वीज मात्र तेवढीच, तर ती खरी कमाई, जरी आलेख सपाट दिसला तरी. २४ ऐवजी दुसरा अंश घेतला तरी हरकत नाही. एकदा घेतला की बदलू नये.

## एसीचा गॅस इतका महत्त्वाचा?

हो. आर-४१०ए चा एक किलो हवेत गेला म्हणजे सुमारे २,००० किलो, म्हणजे जवळपास २,८०० युनिट वीज किंवा ७५० लिटर डिझेल. तरीही तो कोणत्याच रजिस्टरात नसतो, कारण दुरुस्तीच्या पावतीवर ‘गॅस चार्जिंग, एक नग’ एवढंच लिहिलेलं असतं. मेकॅनिकला सिलिंडर आधी-नंतर वजन करायला लावा आणि गॅसचं नाव व किलो पावतीवर घ्या. जेवढा भरला तेवढा गळालेला होता, हा साधा हिशोब. आर-३२ ची ताकद याच्या साधारण एक तृतीयांश आहे, त्यामुळे नवा एसी घेताना त्याचा स्टार बघतो तसा गॅसही बघावा.

कूलरला गॅस लागत नाही आणि तो दोनशे वॅटच्या आसपास चालतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात त्याच्या सहा-सात पट ओढतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात विदर्भात कूलरला तोड नाही. जुलैच्या दमटीत तो निरुपयोगी, आणि पाणी टँकरने येत असेल तर त्या टँकरचं डिझेलही मोजायला हवं.

## झाडं लावली की भागत नाही का?

वाढतं झाड वर्षाला ढोबळमानाने २० किलो शोषतं असं धरू. आपल्या कोरडवाहू मुरमाड जमिनीत त्याहून कमीच. १,२७७ टनांना ६३,८५० झाडं लागतील, ती सगळी जगलेली. पाच बाय पाच मीटरवर लावली तर १६० हेक्टर. वृक्षारोपणाच्या दिवशी खणलेले खड्डे मोजून टन लिहिले जातात. मोजायचीच असतील तर तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभी असलेली झाडं मोजावी. आणि ती उत्सर्जनातून वजा न करता स्वतंत्र ओळीत ठेवावी. वणव्यात किंवा रस्ता रुंदीकरणात झाड गेलं की साठवलेलं परत हवेत जातं, जाळलेलं डिझेल मात्र टाकीत परत येत नाही.

पऱ्हाटी आणि तुराट्या जाळण्याचा प्रश्नही इथे येतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पिकाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो धरत नाहीत. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र धरतात. ‘काडीकचरा नैसर्गिक आहे’ म्हणून पूर्ण सूट नाही.

## चंद्रपूरची धुराडी सोडून विद्यापीठाच्या मागे कशाला?

आक्षेप रास्त आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं; पूर्ण भारावर ते तासाला अडीच हजार टनांहून जास्त सोडतं. आपल्या विद्यापीठाचं अख्खं वर्ष म्हणजे तिथला अर्धा तास. विद्यापीठाने सगळं शून्यावर आणलं तरी विदर्भाचं ऊन कमी होणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलेलं बरं.

मग कशासाठी? एक तर बिलासाठी. यातली बहुतेक घट पैशातही दिसते. दुसरं, शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून असे आकडे देणं बंधनकारक केलंय, आणि २०२३ मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. अशी वही ठेवता येणारी माणसं लागणार आहेत, आणि ती इथल्याच पोरापोरींतून तयार व्हायची असतील तर सराव वर्गातल्या पुस्तकावर होत नाही. तिसरं कारण शेतीचं: गोठ्यातल्या चाऱ्याचा किंवा युरिया विभागून देण्याचा परिणाम टनांत मोजायला कृषी विद्यापीठाकडेच जमीन, जनावरं आणि तराजू आहे.

## जुनी चूक सापडली तर?

सापडणारच. तिसऱ्या वर्षी कळतं की केव्हीएएच घेतले होते, किंवा चार पंप राहिले होते. कधी चूक नसतेच, पद्धत बदलते: मिथेनची ताकद आधी २५ धरत, नंतर २८ आली, आयपीसीसीने २०१९ मध्ये मार्गदर्शिकाही सुधारली. गाय तीच, दावण तीच, टन वेगळे.

अशा वेळी फक्त यंदाचा आकडा दुरुस्त केला की जुन्याशी तुलना मोडते. आधारवर्षापासून सगळी वर्षं नव्या पद्धतीने पुन्हा काढावी लागतात. किती फरक पडला की हे करायचं, ते आधीच ठरवून ठेवा. एकूण टनांच्या पाच टक्के ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी वापरतात. म्हणजे आपल्या विद्यापीठासाठी साधारण ६४ टन. केव्हीएएचची ८६ टनांची चूक त्यात बसत नाही, म्हणून सगळी वर्षं काढा. चार पंपांचे साडेदहा टन बसतात, तिथे तळटीप पुरे. जुना आकडा खोडताना व्हाइटनर लावू नका. एक आडवी रेघ, बाजूला नवा आकडा, तारीख, कारण आणि सही, म्हणजे पुढच्या वर्षी बदलून आलेल्या बाबूला खालचा आकडाही वाचता येईल.